यकृताच्या कर्करोगाची मधली पायरी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण मागे पडले म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. या तीन शहरांतून रोज सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या चाकरमान्यांच्या लोंढ्यात परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे, केईएमकडे किंवा तशाच एखाद्या मोठ्या इस्पितळाकडे जाणारी माणसेही असतात, आणि त्यांच्या फायलींत ज्या ज्या रोगांचे कागद असतात त्यांत यकृताच्या कर्करोगाचे कागद उलगडण्यास सर्वांत अवघड, असे मला वाटते. अवघड अशासाठी की, इतर पुष्कळ कर्करोगांत गाठ केवढी आणि ती कोठवर पसरली एवढे कळले म्हणजे पुढचा मार्ग बऱ्याच अंशी ठरून जातो. येथे मात्र गाठीइतकेच, किंबहुना गाठीहून काकणभर अधिक, महत्त्व गाठीच्या सभोवती उरलेल्या यकृताला असते. त्यातही रोग मधल्या पायरीवर असला, म्हणजे गाठी अनेक आहेत पण रोग यकृताबाहेर गेलेला नाही, मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेला नाही आणि रोगी अजून आपल्या पायांनी चालत दवाखान्यात येतो आहे, तर उपचारांचे चार-पाच मार्ग एकाच वेळी मोकळे दिसू लागतात. आणि कोणी एक मार्ग सांगतो, कोणी दुसरा, त्यामुळे घरातील कर्त्या माणसाची मती गुंग होते. त्या निवडीचे तत्त्व काय, हे शक्य तितक्या सुबोध रीतीने मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

यकृताचा जो कर्करोग सर्वाधिक आढळतो तो यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवतो. वैद्यकात त्यास हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात आणि कागदोपत्री ‘एचसीसी’ अशी त्याची आद्याक्षरे लिहिलेली असतात. हा रोग निरोगी यकृतात क्वचितच जन्म घेतो. बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या दाहाने यकृताचा मऊ अवयव व्रणतंतूंनी विणला जाऊन कठीण आणि खडबडीत झालेला असतो, म्हणजेच सिरोसिस झालेला असतो, आणि त्या भूमीत पुढे गाठ उगवते. एतावता रोग्याच्या उदरात एक नव्हे, दोन रोग एकत्र नांदत असतात: एक कर्करोग आणि दुसरा यकृताचा ऱ्हास. पहिल्यावर घातलेला प्रत्येक घाव थोडाबहुत दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो. हे ध्यानात घेतले म्हणजे या रोगात सर्वांत तीव्र उपचार तोच सर्वांत श्रेष्ठ, हा आपल्याकडील सर्वसामान्य समज किती घातक आहे, हे आपोआप कळून येते.

यकृताचा हा ऱ्हास कशाने होतो, याची कारणे जगभर जी आहेत तीच आपल्याकडे आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, मद्य, स्थूलता व मधुमेह यांच्या संगतीने यकृतात साचणारी चरबी, आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यामक्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन हे विष. परंतु उल्हासनगरच्या बाबतीत एक विशेष गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत तजवीज करण्यात आली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तरोगाच्या वाहकांचे प्रमाण इतर पुष्कळ समाजांहून अधिक आढळते. आणि ज्या मुलाला हा रोग पूर्णांशाने जडतो त्याला जन्मभर दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते. रक्ताबरोबर शरीरात येणारे लोह यकृतात साचते. आणि ज्या काळी दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी होत नव्हती, त्या काळी याच वाटेने तो विषाणूही कित्येकांच्या शरीरात शिरला. उपचार सुधारल्यामुळे थॅलेसेमियाची मुले आता प्रौढ होऊन संसाराला लागली आहेत, ही केवढी तरी आनंदाची गोष्ट. पण लोह आणि विषाणू या दोहोंचा मारा सोसलेल्या त्यांच्या यकृताकडे या वयात डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे, ही गोष्ट घरोघरी पोहोचलेली नाही.

आता ‘मधली पायरी’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. स्पेनमधील बार्सिलोना येथील यकृततज्ज्ञांच्या गटाने १९९९ साली या रोगाची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. तिला बीसीएलसी म्हणतात, आणि वेळोवेळी दुरुस्त होत होत ती आजही जगभर प्रमाण मानली जाते. त्यातील ‘बी’ ही मधली पायरी. ‘ए’ या आरंभीच्या पायरीवर गाठ कापून काढणे, उष्णतेने जाळणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण हे रोग समूळ नाहीसा करण्याच्या हेतूने केलेले उपाय असतात. ‘सी’ या पुढच्या पायरीवर रोग रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेल्यामुळे सर्वांगात पोहोचणारे औषधच द्यावे लागते. आणि या दोहोंमध्ये ‘बी’ आहे. तेथे रोग समूळ जाण्याची हमी नाही, पण यकृतापुरताच मर्यादित असल्यामुळे तो तेथल्या तेथे दडपून ठेवण्यास पुष्कळ वाव आहे. या वर्गवारीला जोड म्हणून यकृताची शिल्लक ताकद मोजण्याचे चाइल्ड-प्यू नावाचे जुने कोष्टक आहे: रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साचलेले पाणी आणि मेंदूवर आलेली ग्लानी या पाच गोष्टींना गुण देऊन यकृत ए, बी किंवा सी वर्गात बसविले जाते. कर्करोगाची पायरी ‘बी’ आणि यकृताचा वर्ग ‘ए’, ही दोन्ही अक्षरे एकाच कागदावर असू शकतात व त्यांचे अर्थ अगदी भिन्न आहेत; रुग्णाच्या नातलगांची येथे वारंवार गल्लत होते.

मधल्या पायरीवरील सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे टेस. त्याचे लांबलचक नाव ट्रान्सआर्टेरियल कीमोएम्बोलायझेशन. त्याची युक्ती समजण्यासाठी यकृताची रक्तव्यवस्था समजून घेतली पाहिजे, आणि ती इतर कोणत्याही अवयवाहून निराळी आहे. दोन पाटांनी भिजणारे शेत असावे तसे यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते: सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले हृदयाकडून येणाऱ्या यकृत-धमनीतून. पण गाठीचे तण जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्याच पाटावर पोसलेले असते. साहजिकच धमनीचा पाट गाठीपाशी बुजविला तर गाठ उपाशी मरते आणि भोवतालचे शेत पहिल्या पाटावर तग धरून राहते. ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे मोठे श्रेय ओसाका येथील जपानी वैद्य र्‍युसाकु यामादा व त्यांचे सहकारी यांचे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी ही पद्धत वापरात आणली. जांघेतील किंवा मनगटाच्या धमनीतून एक बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत यकृताच्या धमनीत आणि तेथून गाठीकडे जाणाऱ्या फांदीत नेतात. तीतून खसखशीच्या तेलापासून बनविलेल्या आयोडीनयुक्त लिपिओडॉलमध्ये डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिनसारखे औषध घोटून सोडतात. आणि मागाहून जिलेटिनच्या स्पंजाचे कण सोडून वाट बंद करतात. औषध गाठीतच कोंडले जाते, रक्त बंद होते. याच पद्धतीची दुसरी तऱ्हा म्हणजे औषध शोषलेले सूक्ष्म मणी सोडणे. त्यात औषध हळूहळू पाझरते आणि सर्वांगाला होणारा ताप कमी होतो, पण आयुर्मानाच्या दृष्टीने ती जुन्या पद्धतीहून सरस आहे असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही, आणि खर्च मात्र अधिक येतो.

टेसने आयुष्य खरोखर वाढते की गाठीचे चित्र तेवढे सुधारते, हा प्रश्न पुष्कळ वर्षे अनिर्णित होता. त्याचा निकाल २००२ साली दोन स्वतंत्र चाचण्यांनी लावला. बार्सिलोनाच्या चाचणीत दोन वर्षांनी टेस केलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण हयात होते, तर केवळ लक्षणांवर उपचार मिळालेल्यांपैकी २७ टक्के. हाँगकाँगच्या चाचणीत, जेथील रुग्णांचा रोग अधिक बळावलेला होता, हेच आकडे ३१ आणि ११ असे आले. या आकड्यांतील फरक नीट पाहावा. एकाच उपचाराने एका शहरात दुप्पट माणसे दोन वर्षांपलीकडे गेली, कारण तेथे निवडलेली माणसेच निराळी होती. उपचाराचे यश हे उपचारापेक्षा निवडीत अधिक असते, ही या रोगातील सर्वांत मोलाची शिकवण या दोन आकड्यांतून मिळते, असे माझे मत आहे.

टेस झाल्यानंतर काही दिवस ताप, उजव्या कुशीत वेदना, मळमळ आणि ग्लानी येते. गाठ मरत असल्याचे हे लक्षण बहुधा आपोआप ओसरते, म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु डोळे पिवळे होऊ लागले, पोट फुगू लागले किंवा थंडी वाजून ताप चढू लागला तर ती निराळी गोष्ट आहे आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. महिना-दीड महिन्याने सीटी किंवा एमआरआय करून गाठीत जिवंत भाग किती उरला ते पाहतात, आणि उरला असल्यास पुन्हा टेस करतात. पुनःपुन्हा करण्याची ही मुभाच पुष्कळदा नुकसानीचे कारण ठरते. दर खेपेस शेताचाही थोडा भाग करपतो. म्हणून एकाच गाठीवर दोन वेळा नीट केलेल्या टेसने ती दबली नाही, तर तिसऱ्यांदा तोच उपाय करण्याऐवजी मार्ग बदलावा, याविषयी तज्ज्ञांचे बव्हंशी एकमत आहे. आणि ज्यांना कावीळ आहे, पोटात पाणी आहे किंवा पोर्टल शीर गाठीने वा गुठळीने बंद झाली आहे, म्हणजे ज्यांचा पहिला पाटच आटलेला आहे, त्यांचा दुसरा पाट बुजविणे ही जिवावरची जोखीम होय.

मग टेस कोणाला मानवेल, हे आधी सांगता येते काय? येथे दोन साधी गणिते उपयोगी पडतात. सर्वांत मोठ्या गाठीचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्यात गाठींची संख्या मिळवावी. इटलीतील मिलान येथील शल्यवैद्य विन्चेन्झो माझ्झाफेरो यांनी प्रत्यारोपणाच्या निवडीसाठी २००९ साली ही बेरीज सातपर्यंत असावी असे सुचविले, आणि पुढे तीच मर्यादा टेससाठीही कसोटी म्हणून वापरली जाऊ लागली. चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये अशाच बेरजेचे तीन गट पाडून दाखविले: बेरीज सहापर्यंत असलेल्यांचे मध्यक आयुर्मान टेसनंतर सुमारे ४९ महिने, सहा ते बारा यांमधील ३२ महिने, आणि बाराच्या वर असलेल्यांचे १६ महिन्यांहून किंचित कमी. समजा, अंबरनाथच्या एखाद्या रुग्णाच्या यकृतात चार गाठी आहेत व मोठी गाठ दोन सेंटिमीटरची आहे, तर बेरीज सहा. बदलापूरच्या दुसऱ्या रुग्णाच्या यकृतात पाच गाठी आहेत व मोठी नऊ सेंटिमीटरची आहे, तर बेरीज चौदा. दोघांच्याही कागदावर पायरी ‘बी’च लिहिलेली असेल, आणि तरीही दोघांना एकच उपचार सुचविणे शहाणपणाचे होणार नाही. बार्सिलोनाच्या गटानेही २०२२ च्या दुरुस्तीत ‘बी’ पायरीचे तीन भाग केले ते याच विचाराने: प्रत्यारोपणाच्या वाटेवर आणता येतील असे, मोजक्या व ठसठशीत गाठींचे टेसयोग्य, आणि यकृतभर विखुरलेल्या रोगाचे, ज्यांना थेट औषधच द्यावे असे.

टेसचा जो भाऊबंद अलीकडे पुढे आला आहे त्यास टेअर म्हणतात. त्यातही नळी त्याच वाटेने जाते, पण औषधाऐवजी किरणोत्सारी यट्रियम-९० भरलेले काचेचे किंवा राळेचे अतिसूक्ष्म गोलक गाठीत सोडले जातात. यट्रियमचा अर्धायुकाल सुमारे ६४ तासांचा असून त्याचे किरण ऊतींत सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. म्हणून गाठ आतून भाजून निघते आणि शेजारचा भाग पुष्कळसा बचावतो. यात धमनी बंद करण्यावर भर नसल्यामुळे पोर्टल शिरेत थोडाफार अडथळा असलेल्यांनाही हा उपाय करता येतो, आणि टेसनंतरचा तापवेदनांचा त्रास यात कमी. मात्र गोलक फुप्फुसाकडे किंवा जठराकडे वाहून जात नाहीत ना, याची चाचणी आधी वेगळी करावी लागते, म्हणजे रुग्णाला दोन खेपा पडतात. शिकागो येथील २०१६ च्या एका लहान चाचणीत टेअर केलेल्यांचा रोग पुन्हा वाढण्यास २६ महिन्यांहून अधिक काळ लागला, टेसमध्ये सात महिन्यांहून कमी. तथापि एकंदर आयुर्मानात फरक दिसला नाही. बेल्जियममधील २०२२ च्या चाचणीत आयुर्मानातही टेअर सरस ठरले, सुमारे ३० महिने विरुद्ध सुमारे १६. दोन्ही चाचण्यांतील रुग्णसंख्या अल्प असल्यामुळे या आकड्यांवर इमारत उभी करण्याची घाई करू नये; पण मोठी एकच गाठ, किंवा यकृताच्या एकाच भागात असलेला रोग, यांत टेअरकडे माझा कल अधिक आहे. खर्चाचे म्हणाल तर परदेशी गोलक अतिशय महाग पडतात. आणि म्हणूनच मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यट्रियमचे काचगोलक देशातच तयार करून त्यांना भाभास्फिअर हे नाव दिले व टाटा स्मारक रुग्णालयात त्यांचा वापर झाला, ही मला या विषयातील सर्वांत आशादायक घटनांपैकी एक वाटते.

तिसरा मार्ग सर्वांगात पोहोचणाऱ्या औषधांचा. आणि त्याचा एक अध्याय मुंबईतच लिहिला गेला आहे. सोराफेनिब हे या रोगात आयुष्य वाढविणारे पहिले तोंडी औषध. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. बायर या जर्मन कंपनीकडे त्याचे भारतीय पेटंट होते आणि एका महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती सुमारे २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाखाली अर्ज केला, की हे औषध रास्त भावाने मिळत नाही, पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही आणि देशात तयारही होत नाही. सबब आम्हांला सक्तीचा परवाना द्यावा. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तो अर्ज मंजूर केला: महिन्याच्या गोळ्या ८,८०० रुपयांना विकाव्यात, पेटंटधारकास विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वधन द्यावे, आणि दरसाल किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत पुरवावे. भारतातील हा पहिलाच सक्तीचा परवाना. अपिलात स्वामित्वधन ७ टक्के झाले, पण परवाना कायम राहिला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बायरची मागणी फेटाळली. नवे संशोधन करणाऱ्यास मोबदला मिळाला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण ज्या औषधाचा महिन्याचा खर्च एका कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढा, ते औषध त्या कुटुंबापुरते अस्तित्वातच नाही, आणि त्या निकालाने ते अस्तित्वात आले. आज मधल्या पायरीवर टेस निष्फळ ठरलेल्या रुग्णाला गोळ्यांचा पर्याय सहज सुचविता येतो, यामागे तो हुकूमनामा आहे.

सोराफेनिबनंतर २०१८ साली लेनव्हॅटिनिब आले. प्रभावात ते पहिल्याच्या तोडीचे ठरले आणि गाठ आकसण्याचे प्रमाण त्यात अधिक दिसले. जपानातील एका पाहणीत बेरीज सातच्या पलीकडे असलेल्या रुग्णांना आधी टेस करण्यापेक्षा आधी लेनव्हॅटिनिब दिले असता मध्यक आयुर्मान २१ महिन्यांऐवजी जवळजवळ ३८ महिने आढळले. ती चाचणी नव्हे, जुन्या नोंदींवरून केलेली तुलना होती, तरीही ‘आधी टेस’ या जुन्या शिरस्त्याला तिने मोठा धक्का दिला. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे. ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी शिरेतून दर तीन आठवड्यांनी दिली जाते. पुढच्या पायरीवरील रुग्णांत तिने मध्यक आयुर्मान सोराफेनिबच्या १३.४ महिन्यांवरून १९.२ महिन्यांवर नेले. पण सिरोसिसमुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी दुर्बीण घालून अन्ननलिका पाहून घेणे आवश्यक आहे. दूरच्या रुग्णाने वेळ वाचवावा म्हणून ही तपासणी टाळू नये. टेस आणि ही औषधे एकत्र देण्याच्या चाचण्यांचे निष्कर्षही आता येऊ लागले आहेत. टेसबरोबर डर्व्हालुमॅब व बेव्हॅसिझुमॅब दिले असता रोग स्थिर राहण्याचा काळ ८.२ महिन्यांवरून १५ महिन्यांवर गेला. लेनव्हॅटिनिब व पेम्ब्रोलिझुमॅब यांच्या जोडीने तो १० वरून १४.६ वर गेला. आयुष्य त्यामुळे निश्चित किती वाढते याचा अंतिम निवाडा झालेला नाही, आणि दुष्परिणामांचा भार मात्र आजच वाढतो; म्हणून घरदार गहाण टाकून ही जोड घ्यावी, असे मी कोणालाही सांगणार नाही.

शस्त्रक्रियेचा आणि प्रत्यारोपणाचा विचार मधल्या पायरीवर सोडून द्यावयाचा, असा पूर्वी प्रघात होता. तो आता ढिला झाला आहे. चीनमधील २०१४ च्या एका चाचणीत, यकृताची ताकद चांगली असलेल्या निवडक रुग्णांत गाठी कापून काढल्यावर मध्यक आयुर्मान ४१ महिने आले, टेसने १४. प्रत्यारोपण हे तर एकाच वेळी दोन्ही रोगांवरचे औषध, कारण त्यात गाठ आणि सिरोसिस दोन्ही शरीराबाहेर जातात. माझ्झाफेरो यांनीच १९९६ मध्ये घालून दिलेला मिलान निकष असा की, गाठ एकच व पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत व प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत असली तर प्रत्यारोपण फलदायी होते. मधल्या पायरीचा रोग या रेषेपलीकडे असतो. पण टेस, टेअर किंवा औषधे यांनी तो मागे हटवून रेषेच्या आत आणता येतो, आणि इटलीतील २०२० च्या चाचणीत अशा रुग्णांपैकी प्रत्यारोपण झालेले ७७ टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनी हयात होते, न झालेले ३१ टक्के. हा फरक फार मोठा आहे. अडचण यकृत मिळण्याची. मृत दात्यांची संख्या आपल्याकडे अल्प, मुंबई परिसरात त्यांचे वाटप करणाऱ्या विभागीय समन्वय केंद्राची प्रतीक्षायादी लांब, आणि जवळच्या नातलगाने आपल्या यकृताचा भाग द्यावयाचा तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीचे सोपस्कार. तरीही वय व प्रकृती अनुकूल असलेल्या रुग्णाबाबत हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे. चार वेळा टेस होऊन यकृत खचल्यावर विचारला, तर उत्तर बहुधा नकाराचे असते.

या सर्वांतून निवड करावी कशी? माझ्या मते प्रश्नांचा क्रम बदलावा. कोणते औषध नवे, कोणते रुग्णालय नामांकित, हे प्रश्न मागाहून. आधी विचारावे की यकृताची ताकद किती शिल्लक आहे, गाठींची बेरीज किती, आणि आज जो उपाय करणार त्यानंतर पुढच्या उपायासाठी यकृत टिकेल काय. या प्रश्नांची उत्तरे एकट्या डॉक्टरने देण्यापेक्षा शल्यवैद्य, यकृततज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि नळीवाटे उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून द्यावीत, हीच या रोगातील प्रमाण रीत आहे. तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात आणि टाटासारख्या संस्थांतून तिचा अंमल असतो. उल्हासनगर कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालयात किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयात पहिली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होऊ शकते. पण मधल्या पायरीचा निर्णय अशा बैठकीतूनच यावा, आणि त्यासाठी परळपर्यंतची एक खेप वाया गेली असे कोणी मानू नये. जाताना सीटी स्कॅनच्या अहवालाचा कागदच नव्हे तर त्याची सीडीही न्यावी, कारण तज्ज्ञ अहवाल वाचत नाहीत, चित्रे पाहतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सुचविलेला उपचार त्यातील कोणत्या नावाखाली बसतो, याचा खुलासा दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून करून घ्यावा.

आणि ज्यांचे यकृत आधीच इतके खचले आहे की कोणताही उपचार आयुष्य वाढविण्याऐवजी घटवील, त्यांच्या बाबतीत वेदना, पाणी आणि झोप यांचा बंदोबस्त करून त्यांना घरी, आपल्या माणसांत ठेवणे हाही पूर्ण विचारांती निवडलेला उपचार होय. त्यास हार म्हणू नये.

शेवटी तीन शहरांतील वाचकांना एक विनंती. कावीळ झाली की ती उतरवून घेण्यासाठी माळ घालणारे, चुन्याच्या पाण्याने हात धुणारे लोक आपल्या भागात आजही आहेत, आणि त्यांच्या दारात जे महिने जातात तेच महिने पहिल्या पायरीचा रोग मधल्या पायरीवर आणतात. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम जुलै २०१८ पासून चालू असून त्याखाली हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. सी तर बहुतेकांत काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ज्यांना पूर्वी वारंवार रक्त घ्यावे लागले आहे, ज्यांच्या घरात कोणाला हिपॅटायटिस बी आहे, ज्यांना मद्याची दीर्घकाळ सवय आहे, त्यांनी ही तपासणी या महिन्यातच करून घ्यावी. आणि ज्यांना सिरोसिस असल्याचे एकदा सांगितले गेले आहे, त्यांनी प्रकृती कितीही बरी वाटत असली तरी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी चुकवू नये.